काउंटरमागचा आरसा

व्हिडिओ कॉल लागला की तुम्ही दोघं ओरडता, "आजी, स्माईल!" आणि माझे ओठ मिटतात. तुम्हांला वाटतं आजी रुसली. तसं नाही. मला एक आरसा आठवतो.

शाळेतून निवृत्त झाल्यावर घरी करमेना, म्हणून २०१६ साली मी डहाणूच्या एका खाजगी दवाखान्याचं ऑफिस सांभाळायला लागले. काउंटरवर वरोरची एक मुलगी होती. बारावी झालेली; मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही सफाईनं बोलणारी. तलासरीकडून आलेल्या म्हाताऱ्यांना ती हात धरून योग्य दारापर्यंत नेई. नोकरी अजून कच्चीच होती. दिवाळीनंतर डॉक्टर तिला कायम करणार होते. घरात खुर्चीवर बसून काम करणारी ती पहिलीच, आणि तिची आई मासळीबाजारात हे ज्याला त्याला सांगत असे.

पण ती हसत नसे. म्हणजे हसे, ते शेवटी. आईच्या टोपलीशेजारी वाढलेली ती. भाव ठरेपर्यंत तोंडावरची रेघ हलवायची नाही, आधी हसलं की गिऱ्हाईक भाव पाडतं. सौदा झाला की मग मोकळं हसायचं आणि वर दोन बोंबील टाकायचे. दवाखान्यातही ती तसंच करी. पेशंटचं काम उरकलं, तो पिशवी उचलून निघाला, की हसे.

डॉक्टरांना ते हसू पेशंट समोर आल्या आल्या हवं होतं. औषधांच्या खिडकीतला माणूस गालात तंबाखू धरून दिवसभर भिंतीकडे बघे, त्याला कोणी काही म्हणत नसे. मला मात्र म्हणाले, "मॅडम, तुम्हीसुद्धा हेडमास्तरणीसारख्या बघता. पेशंट घाबरतात." मी हसून विषय टाळला.

मग त्यांनी काउंटरच्या आतल्या बाजूला हातभर आरसा बसवून घेतला. मान वर करायच्या आधी त्यात बघायचं, हसायचं, मग बोलायचं. मुलगी जिद्दीची. पंधरवड्यात शिकली. डॉक्टर खूश झाले. मला मात्र ते हसू बघताना चप्पल उलट्या पायात घातल्यासारखं वाटायचं. मी उगाच फायली इकडच्या तिकडे लावत बसे.

एका सकाळी वॉर्डातून एक माणूस खाली आला. उधवा गावचा. त्याची आई नुकतीच वारली होती. तिला घरी न्यायच्या गाडीचं विचारायला आला होता. खाली कोणाला काही ठाऊक नव्हतं. मुलीनं आरशात पाहिलं, हसली, मान वर केली.

"नमस्कार, काय मदत करू?"

तो शांतपणे म्हणाला, "माझी आई गेली, बाई. तुम्हांला हसू कशाचं येतं?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हसू जाईना. ते चेहऱ्यावर तसंच अडकून राहिलं. मी उठून मध्ये उभी राहिले आणि त्या माणसाला गाडीपाशी घेऊन गेले.

दुपारी डॉक्टरांनी तिला बोलावून सांगितलं, प्रसंग बघून हसायचं असतं. मी म्हटलं, आरसा तुम्हीच लावलात. ते म्हणाले, बघू.

दिवाळीनंतर तिला कायम केलं, पण मागच्या खोलीत, औषधांचे खोके लावायला. तिथे खुर्ची नव्हती. "बाई, आईला सांगू नका," एवढंच ती म्हणाली. त्या आठवड्यात बाजारात तिच्या आईनं मला हाक मारून विचारलं, पोरगी नीट काम करते ना? मी म्हटलं, फार नीट.

नवी मुलगी मिळेपर्यंत काउंटरवर मला बसवलं. मी बजावून सांगितलं होतं, मी उगाच हसणार नाही. पहिल्याच दिवशी एक बाई तापलेलं मूल घेऊन आली. मी मान वर करणार, तोच खाली आरशात नजर गेली. मी आधीच हसत होते.