नव्या गावठाणाची विहीर

पुरानं नदीकाठचं गाव नेलं, त्याला चार वर्षं झाली होती. उंचावर नवं गावठाण वसलं, घरंही उभी राहिली, पण विहीर नव्हती. आर्वीच्या कचेरीत पुनर्वसनाचं टेबल माझ्याकडे होतं. त्या गावचा म्हातारा कोतवाल दर मंगळवारी यायचा. चपला दाराबाहेर काढायचा आणि खुर्ची दिली तरी उभाच राहायचा. अक्षरओळख नव्हती, पण कोणता कागद कोणत्या खात्यात अडकला, हे त्याला तोंडपाठ असायचं.

"बांधकामवाले म्हन्ते, तुमच्या हापिसचं पत्र नाई आलं. काऊन नाई आलं, बाबूजी?"

"पाठवलंय," मी म्हणायचो.

एका मंगळवारी फाईल ओढताना ते पत्र माझ्याच खणातून खाली पडलं. जोडलेल्या अर्जावर गावकऱ्यांचे अंगठे होते, त्यात त्याचाही. त्यानं तो ओळखला आणि कागद उचलून माझ्या हातात दिला. तेवढ्यात साहेब आले. "विहीर कोणामुळे अडली?"

"माहीच चूक, साहेब. अर्ज मीच उशिरा आनला."

साहेबांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं. मी खाली मान घालून उभा राहिलो.

बाहेर मी त्याचे आभार मानायला लागलो, तर त्यानं मला थांबवलं. "तुमची बदली झाली असती, बाबूजी. मंग नव्या बाबूले सारं पह्यल्यापासून सांगा लागलं असतं."

पत्र मी त्याच दुपारी स्वतः बांधकाम खात्यात नेऊन दिलं. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीला पाणी लागलं. पूजेला या म्हणून त्यानं निरोप धाडला. मी गेलो नाही.