चहा होईपर्यंत ट्रिप्सिन

यकृताच्या कॅन्सरच्या पेशींनी माझा जेवढा छळ केला, तेवढा सोलापूरच्या उन्हानंही केला नाही.

पेशींच्या थराखाली प्रथिनांचं एक पातळ अस्तर असतं. पसरायला निघालेल्या कॅन्सरच्या पेशी त्या अस्तराला धरून पुढं सरकतात. त्यातल्या लॅमिनिन नावाच्या प्रथिनाला माझ्या पेशी किती घट्ट चिकटतात, एवढंच मला पीएचडीसाठी मोजायचं होतं. बाटलीत मेल्या अशा ठाण मांडून बसायच्या की बास! तिथून सोडवून लॅमिनिन लावलेल्या प्लेटमध्ये टाकल्या, अलगद धुतल्या, की गेल्या सगळ्या वाहून.

"चिकटल्या का गं?" आई मैंदर्गीहून फोनवर विचारायची. नाही म्हटलं की, "एवढं शिकूनबी चिकटंनात व्हय? तुजंच काय तरी चुकतंय की."

सर तेच शुद्ध मराठीत म्हणायचे. "तुमचा हात जड आहे." माझ्याआधी याच विषयावर काम करणाऱ्या मुलीलाही ते हेच म्हणाले होते. ती पीएचडी सोडून गेली, आता बँकेत आहे. लॅमिनिनची शेवटची कुपी उरली, तेव्हा सरांनी सांगून टाकलं, "या वेळी जमलं नाही तर विषय बदला." चार वर्षं घासल्यावर विषय बदला! डोकंच फिरलं माझं.

बाटलीतल्या पेशी सोडवायला ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम घालतात. आमच्या लॅबचा रिवाज असा, की ट्रिप्सिन घालायचं आणि सगळ्यांनी सरांबरोबर चहाला जायचं. चहा पिऊन येईपर्यंत पेशी सुटलेल्या. पूर्वी तासन्‌तास वीज जायची, फ्रीज बंद पडून ट्रिप्सिनचा जोर कमी व्हायचा, तेव्हा तेवढा वेळ लागायचाच. पुढं इन्व्हर्टर आला. चहा मात्र तेवढाच राहिला.

शेवटच्या कुपीच्या दिवशी मी ट्रिप्सिन घातलं, पण कँटीन बंद होतं. "चला, गेटबाहेर घेऊ," सर म्हणाले. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि मला कुणाचं तोंडही बघायचं नव्हतं. मी गेले नाही. चरफडत मायक्रोस्कोपला डोळा लावला, तर पेशी केव्हाच सुटून तरंगत होत्या! सर अजून गेटपर्यंतही पोचले नसतील.

पेशी ज्या प्रथिनांनी लॅमिनिनला धरते, ती तिच्या अंगावरच असतात, आणि जास्त वेळ ठेवलं की ट्रिप्सिन तीच कुरतडून टाकतं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही पेशींचे हात तोडत होतो आणि वर त्या धरत नाहीत म्हणून रडत होतो!

लगेच सीरम घालून ट्रिप्सिन थांबवलं. पेशी धुऊन प्लेटमध्ये टाकल्या, वाट बघितली, पुन्हा धुतलं. एकीनंही जागा सोडली नव्हती म्हटलं तरी चालेल.

सरांनी मायक्रोस्कोपमधून बघितलं आणि हसले. "बघा, हात हलका ठेवला की जमतं."

"हात तोच आहे, सर. मी चहाला आले नव्हते." मग मी सगळं सांगितलं. सर चष्मा पुसत म्हणाले, "चला, झालं ते झालं. तुमचं तर जमलं ना?"

"माझं जमलं. ती बँकेत बसलीय, तिला फोन तुम्ही करता, की मी करू?"