रबरी बेडकाचा आखूड पाय

गळाला लावायच्या रबरी बेडकाचा एक पाय कापून आखूड केला की तो पाण्यावर तिरका पळतो, असं शेजारच्या वॉल्टरआजोबांचं म्हणणं. अमेरिकेत आल्यापासून मला तळ्यावर नेणारा हा एकच माणूस. पाय कापून गळ टाकला, बेडूक खरंच तिरका पळाला आणि पाणी उसळलं. बास जातीचा मासा बेडकासकट माझ्या गळाला लागला.

"आज कालवण!" मी मराठीतच ओरडलो आणि दगड उचलला. आमच्या नदीवर मासा तडफडू देत नाहीत, लगेच डोक्यात दगड घालतात.

आजोबांनी मधे हात घातला. "अरे, थांब! बाप आहे तो. खाली अंडी राखतोय. सोडायचा असतो."

गळ काढून त्यांनी मासा पाण्यात धरला. शेपटी हलली, मगच हात सोडला.

रागावले असते तर बरं झालं असतं. आठवीत शाळा सुटलेला मी इथे इंग्रजीचा प्रत्येक शब्द भीत भीत बोलतो. हात मात्र मला न विचारताच गावचं बोलून जातात. आणि त्या हातांचीच लाज वाटावी, याची आणखी लाज वाटते.

"आता दुसरा पाय कापून बघू या?" आजोबा म्हणाले.

दगड अजून माझ्या मुठीत होता. खाली ठेवला तर आवाज होईल, म्हणून मी तसाच उभा राहिलो.