मोरीच्या जागी

मागच्या दाराशी मी हौसेने छोटी खोली करून घेतली. वॉशिंग मशीन, छत्र्यांना खुंट्या, चपलांचं कपाट, सगळं बसवलं. आज सासूबाई परसातून अळू खुडून आल्या आणि दाराबाहेरच थांबल्या. पाय चिखलाने माखलेले. इतकी वर्षं त्या इथल्या मोरीत पाय धुऊन आत यायच्या. मशीनसाठी ती मोरी मीच बुजवली होती.

"आत या ना," मी म्हटलं.

"नको गं, फरशी खराब होईल."

मी तांब्याने त्यांच्या पायांवर पाणी ओतलं. सोय करायला निघालं, की कुणाची तरी सवय अडगळ ठरते. मापं घेताना मला बूट आठवले, छत्र्या आठवल्या. हे पाय तेवढे आठवले नाहीत.

पाय पुसून, चिखलाच्या चपला हातात घेऊन त्या आत आल्या आणि स्वतःच्याच घरात अवघडून म्हणाल्या, "चपला कुठे ठेवू गं?"