नाना मेस्त्रींची वाकडी अक्षरं

नाना मेस्त्री माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते नवव्या दिवशी. म्हणाले, "हात पुस आधी, घाट्या."

वसईच्या त्या छापखान्यात मी साताऱ्याकडून आलो होतो. शाळा चौथीतच सुटलेली, वय विशीचं. काम गेलं तर कुठल्या तोंडाने परत जायचं, ही धास्ती कायम उशाशी.

मेस्त्री मूळचे खाडीकाठचे. अर्नाळ्याच्या होड्यांवर नावं कोरता कोरता इथे आले. जाहिरातींसाठी त्यांनी शिवण झाडाच्या लाकडात अक्षरांचे ठसे कोरले होते. एक अक्षर पोट पुढे काढून, दुसरं मागे रेललेलं, शिरोरेषा कुठे चढलेली, कुठे उतरलेली. जणू जत्रेतून परतणारी पोरं. प्रत्येक अक्षराचे तीन ठसे, तिन्ही वेगळे. एकदा मी एकाच शब्दात सारखेच दोन 'र' लावले, तर डोक्यात टपली बसली. "जुळे कोनी लावले? मानूस हाताने लिहितो तेव्हा दोनदा तसंच लिहितो काय?" नाटकाला, कुस्त्यांना, वाळवलेल्या केळ्यांच्या, म्हणजे सुकेळ्यांच्या जाहिरातीला ही अक्षरं चालत. मयताच्या पत्रकाला नाही; त्याला साच्यात ओतलेली शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे. "तिथं शिशाचे खिळे लाव. ते गप उभे राहतात."

मेस्त्री तापाने घरी असताना गास गावच्या मंडळींच्या नाटकाची जाहिरात आली. शीर्षक जुळवलं तर डोकी एका रेषेत येईनात. ही अक्षरं वाकडी असायचीच, पण इतकी? वाटलं, दमट हवेने लाकूड वाकलंय. नीट करून ठेवू, मेस्त्री एकदा तरी बरं म्हणतील. पटाशी घेतली आणि सात अक्षरांची डोकी तासून सरळ केली.

मेस्त्री आले. सातही ठसे अंगठ्याने चाचपले. "शाळेत उभी केलीस की रे माझी पोरं!"

छापखान्याचे मालक मला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." मी वळकटी बांधायला घेतली.

"जातो कुठं?" मेस्त्री ओरडले. "सात कोरून दे, मग मर."

ती जाहिरात शिशाच्या खिळ्यांतच गेली. नाटकवाले म्हणाले, "ही काय सरकारी नोटीस?" मी दोन महिने कोरत होतो. मेस्त्री एकेक ठसा चुलीत टाकत. "हा फौजदार दिसतो." "हा मुद्दाम वाकडा केलास, सोंग आहे." शेवटी एका 'न'वर माझी पटाशी नकळत घसरली आणि त्याचा पाय तिरका गेला. मेस्त्रींनी तो बघितला आणि चुलीऐवजी ठशांच्या खणात टाकला. मागोमाग बाकीचे सहाही पार पडले. मालकांनी जाण्याचं पुन्हा काढलं नाही, कारण मेस्त्रींनी त्यांना सांगितलं होतं, "घाट्या गेला तर मीही चाललो." हे मला फार उशिरा कळलं. मला मात्र ते शेवटपर्यंत "हात पुस" एवढंच म्हणत राहिले.

ते गेले तेव्हा मयताचं पत्रक मीच जुळवलं. त्यांच्याच नियमाने, शिशाच्या खिळ्यांत. हात दोनदा पुसले. 'नाना'तले दोन्ही 'ना' हुबेहूब जुळे उभे राहिले.

टपली बसेल म्हणून मी जरा थांबलो. मग छापायला घेतलं.