जवसाला आवतण

बेटावरच्या पांपलमूस गावात, एका प्रयोगशाळेत कुंती काचेचे चंबू धुवायची. काम साधं, पण बाई भारी काटेकोर. एखादा डाग राहिला तर स्वतःवरच चरफडायची.

१९८४ साली सत्यदेव नावाचा तरुण शास्त्रज्ञ जर्मनीहून शिकून आला आणि त्यानं अंधाऱ्या खोलीत रानजवसाच्या पेशी वाढवायला घेतल्या. कर्करोगाच्या औषधाला लागणारं द्रव्य त्यांतून काढायचं होतं. चंबूंतल्या पाण्यात पिवळे गोळे, ना मूळ ना पान. खालची फळी सतत हलायची आणि गोळे फुगत राहायचे.

"ह्याचं झाड कुठं हाय, दोक्तेर?"

"झाड कवाच मेलं, मावशी. ह्ये त्याचंच, अजून जितं हाय."

कुंतीच्या अंगावर काटा आला.

लॉंग माउंटन गावी तिची आई झाडपाल्याची औषधं द्यायची. पाला तोडायच्या आदल्या दिवशी झाडाला हळदीचे तांदूळ वाहायचे, कुणासाठी नेणार ते सांगायचं, आवतण द्यायचं. न विचारता नेलं तर झाड नेणाऱ्याच्या घरातला जीव घेतं. कुंतीच्या नवऱ्यानं, लक्ष्मणनं, एकदा मुलाच्या तापासाठी घाईत झुडूप उपटून आणलं. तिसऱ्या दिवशी मुलगा गेला. तापानंच गेला, असं सगळे म्हणाले. कुंतीला ते कधी पटलं नाही.

इथं तर सत्यदेव दर आठवड्याला गोळे ठेचून अर्क काढायचा, आणि त्याची बायको राजलक्ष्मी सात महिन्यांची गरोदर! कुंतीचा जीव टांगणीला लागला. तिनं त्याला सांगून पाहिलं.

"आयो मावशी, पेशींना कान नसतात!" तो हसला. जर्मनीत कानांचंही शिकवत असावेत.

एका दुपारी सगळे जेवायला गेल्यावर ती खोलीत शिरली. मूळच नाही, तर तांदूळ वाहायचे कुठं? शेवटी तिनं सर्वांत मोठ्या चंबूचा बोळा काढला आणि चिमूटभर आत सोडले.

"त्याला कळत न्हाय रं. जीव घ्यायचाच तर माझ्या घरातला घे."

फळी हलत होती, पाणी हलत होतं. एक गोळा तेवढा तिच्यासमोर काचेला टेकून थांबला.

पिवळ्या गोळ्यांत हळदीचे तांदूळ कुणाला दिसणार? दुसऱ्या दिवशी सत्यदेवनं त्याच चंबूतले गोळे घालून बाकीचे चंबू भरले. चार दिवसांत सगळीकडे पांढरी बुरशी. दोन वर्षांचं काम मोरीत गेलं. कुंतीनं आपण होऊन कबूल केलं. तो म्हणाला, "उद्यापासून येऊ नको, मावशी." पोटच्या पोरानं हाकलावं तसं तिला लागलं.

दोन महिन्यांनी राजलक्ष्मीला मुलगी झाली, ठणठणीत. निरोप ऐकून कुंती आनंदानं रडली. मग भात टाकायला उठली आणि तांदूळ घेता घेता हात थांबला. एकाच माणसापुरते. लक्ष्मण जाऊन तीन वर्षं झाली होती. तिच्या घरात आता तिच्याशिवाय कुणीच नव्हतं.

आवतण तिनंच दिलं होतं. तिनं जाऊन दाराची कडी काढली.