तपकिरी शेले

मला हिरव्या आणि तपकिरी रंगांतील भेद दिसत नाही. रोह्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवले, तेव्हा तक्त्यांतील रंग विद्यार्थीच सांगत. आंबा पिकला की नाही, हे मी आजही नाकाने ठरवतो. त्यावाचून काही अडले नाही.

मुलगी जोहे गावात दिली आहे. व्याह्यांचा गणपतीचा कारखाना आहे. गेल्या वर्षी तिच्या थोरल्या मुलाने मूर्तींचे हिरवे सांगितलेले शेले तपकिरी रंगवले. पुन्हा पुन्हा तसेच घडले. व्याह्यांनी त्याला डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर लावायचे ठरवले. नातवाला कारखाना सोडायचा नव्हता. मुलीने मला बोलावून घेतले.

"आमच्या घराण्यात असा डोळा कुणाचाच नाय," व्याही म्हणाले.

"तुमच्या घराण्याचा संबंध नाही. हे माझ्याकडून आले आहे."

"काय सांगता मास्तर! तुमची लेक तर सगळे रंग वळखते."

मी समजावले. रंग ओळखण्याचा हा गुण ज्या गुणसूत्रावर असतो, तशी मुलीजवळ दोन असतात. एक तिला माझ्याकडून मिळाले, एक तिच्या आईकडून. आईकडचे निर्दोष, म्हणून तिला रंग दिसतात. मुलाजवळ मात्र तसे एकच, आणि ते आईच देते. थोरल्याच्या वाट्याला माझे आले. धाकट्याच्या वाट्याला दुसरे.

व्याह्यांनी रंगाच्या दोन वाट्या पुढे केल्या. "यातला हिरवा कंचा?"

मी बोट दाखवले. ते मोठ्याने हसले. "म्हंजे तुमी पण तसलेच!"

तेव्हा मुलगी सासऱ्यांना म्हणाली, "मामा, डोळे आखायला काळाच रंग लागतो ना?"

मूर्तीचे डोळे आखणे हे अखेरचे आणि मानाचे काम. ते व्याही स्वतः करीत.

"आखणी म्हंजे काय खेळ हाय काय गो?"

"फुटक्या मूर्तींवर तो रोज आखतो. तुम्ही जेवायला गेलात की."

व्याह्यांनी एक मूर्ती नातवापुढे सरकवली. त्याने कुंचला पुसून टोक केले, आणि डोळे आखले. व्याह्यांनी मूर्ती उजेडाकडे फिरवून बराच वेळ पाहिली.

"नजर तुमची असंल, मास्तर," ते म्हणाले, "पण हात माझा हाय."

हाताचा वारसा इतक्या सरळ रेषेत चालतो, असे विज्ञान सांगत नाही. मी त्यांना ते सांगितले नाही.

डोलवीचा विषय तिथेच संपला. यंदा आमच्या घरी नातवाने आखलेली मूर्ती आली. शेल्याचा रंग कोणता, हे मी विचारले नाही. डोळे उत्तम आहेत.